जाळीवर उरलेलं

मी एक जुनी गाळणी आहे, आणि माझा कोणावरही पटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरसुद्धा. 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. तुम्ही मित्र आहात की नाही, ते अजून तपासायचं आहे.

रागावू नका. संशय हा माझा धंदाच आहे. येईल त्याला दारात अडवायचं, बारीक असेल त्याला खाली सोडायचं, जाडंभरडं असेल त्याला वर रोखून धरायचं, याच कामासाठी मला घडवलं. ही गोष्टही मी तशीच सांगणार, गाळून. जे जाळीतून गेलं नाही, ते मध्येमध्ये 'चोथा' म्हणून बाजूला काढून ठेवीन. वाटलं तर वाचा, नाहीतर टाकून द्या.

माझा जन्म एका लांबट, कमी उजेडाच्या कारखान्यात झाला. तिथे केसासारख्या पोलादी तारा उभ्या-आडव्या विणून जाळी करत. त्या जाळीतून एक गोल तुकडा कापला, यंत्रानं दाबून वाटीसारखा खोलगट केला, कडेला पट्टी वळवली, लाकडी दांडा बसवला. झाली गाळणी. मला पहिल्यांदा हातात घेतलं ते तिथल्या तपासनीस बाईंनी. त्यांनी मला दिव्यासमोर धरलं, एक डोळा मिटला आणि माझ्यात खोट शोधायला लागल्या. माणसाचं बाळ जन्मलं की लोक विचारतात, नाक कोणासारखं आहे. माझं नाक कोणी पाहिलं नाही.

*चोथा: माझ्या आधीची गाळणी नापास झाली होती. तिचं पुढे काय झालं, हे मला कोणी सांगितलं नाही.*

दुकानातून मला एका मुलीनं विकत घेतलं. ती चष्म्याच्या काचा घासण्याचं काम करायची. त्या कामात पाण्यात कालवलेली बारीक पूड लागते. पुडीत एक जरी जाडा कण राहिला, तरी दिवसभर घासलेली काच ओरखडा घेऊन बसते. म्हणून तिला सवयच लागली होती, कशावरही आधी अंगठा फिरवून पाहायची. ओट्यावर, भिंतीवर, धुतलेल्या ताटलीवर. लग्न ठरताना तिनं मुलाच्या गालावरही अंगठा फिरवला होता, असं तिची नणंद सांगते. खरं-खोटं मला ठाऊक नाही. नणंदेचं बोलणं मी नेहमी दोनदा गाळून घेते.

त्या घरात मी पीठ गाळलं, चहा गाळला, पिठीसाखर गाळली, एकदा तर दुकानातून गाळूनच आलेलं दूध पुन्हा गाळलं. मला हे घर आवडलं. इथे सगळे माझ्यासारखेच होते, म्हणजे निदान ती तरी.

मग बाळ आलं. हसण्याआधी ते समोरच्याकडे बराच वेळ रोखून पाहायचं, जणू जबानी घेतंय. म्हणून त्याचं नाव पडलं फौजदार. ते वरचं खायला लागलं, आणि माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. गाजर, भोपळा, बटाटा, नासपती. उकडायचं, मिक्सरमधून काढायचं, मग माझ्या जाळीवर चमच्याच्या पाठीनं घासून खाली उतरवायचं. मऊ ते बाळाच्या वाटीत, चोथा कचऱ्याच्या डब्यात. फौजदार चटाचट खायचे. शहराची बस चालवणारे बाबा म्हणायचे, या घरातली सगळ्यात विश्वासू बाई म्हणजे ही गाळणी. आईला ते फारसं आवडायचं नाही, पण ती मला धुऊन स्वतः पुसायची.

आईची रजा संपली आणि आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, मघाची नणंद ती हीच. ती एका हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. हॉटेल बंद पडलं, आणि हॉटेलनं दिलेली खोलीही गेली. बाबा म्हणाले, तू आमच्याकडेच ये, बाळापाशी कोणीतरी हवंच आहे. स्वयंपाकघराला लागून कपडे वाळत घालायची अरुंद खोली होती, तिथे तिची खाट पडली. तिला जायला दुसरी जागा नव्हती. कोणी बोलून दाखवत नसे, पण माहीत सगळ्यांना होतं.

लहान मूल तिनं कधी सांभाळलं नव्हतं. लाळेरं ती उलटं बांधायची. पण मला ती नीट वापरायची, हे मान्य करायला हवं.

आणि एका दुपारी फौजदारांनी तोंड मिटलं.

काल वाटीभर खाल्लेला भोपळा आज नको. ओठ आत ओढून घेतले, मान फिरवली, हाताच्या एका फटक्यात चमचा उडवला. आत्यानं चमच्याचं विमान केलं, बस केली, बोट केली. फौजदारांनी एकाही वाहनाला फाटक उघडलं नाही. भिंतीवर केशरी शिंतोडे उडाले. दुसऱ्या दिवशी गाजराचं तेच झालं, तिसऱ्या दिवशी नासपतीचं.

मी लगेच संशयितांकडे वळले. पहिला संशय चमच्यावर, कारण तो नवा होता, रबरी होता आणि फार गोड वागायचा. मग मिक्सरवर. तो मोठ्यानं बोलतो, आणि मोठ्यानं बोलणाऱ्याला लपवायचं काहीतरी असतं. मग गाजरांवर. मग...

*चोथा: स्वतःवर नाही. ते सुचलंच नाही.*

आईचा संशय मात्र एका ठिकाणी येऊन थांबला. संध्याकाळी कामावरून आली की ती उरलेल्या वाटीत अंगठा बुडवून बोटावर चोळायची. एकदा तिनं विचारलं, "ताई, आज गाळलं होतं ना?"

"गाळलं," आत्या म्हणाली. "तुझ्या गाळणीला विचार."

आईनं खरंच मला खुंटीवरून काढलं आणि उजेडात धरलं. गाळलं होतं, मी शपथेवर सांगू शकले असते. पण आमच्या साक्षीला किंमत नसते.

तेव्हापासून आई कामावर जाण्याआधी स्वतःच गाळून डबा भरून ठेवायला लागली. फौजदारांनी तोही परत पाठवला. मग ती दोनदा गाळायला लागली. तरी नाही. मग तिनं माझ्यावर मलमलीचा कपडा अंथरला. मित्रांनो, पहारेकऱ्याच्या पाठीमागे दुसरा पहारेकरी उभा केला, तर पहिल्याला काय वाटत असेल? वाटीत उतरायचं ते आता भाजीसारखं दिसतच नव्हतं, नुकत्याच दिलेल्या रंगासारखं चकाकायचं. फौजदार त्याच्याकडे खोट्या सहीकडे पाहावं तसं पाहायचे.

डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला, हिरड्या चाचपल्या. आजार काही नाही, पण वजन हललेलं नाही, असं म्हणाल्या. खाणं जरा बदलून बघा, मग पुन्हा दाखवा. आईनं याचा अर्थ आपल्या धंद्याप्रमाणे लावला. तिनं मलमलीची घडी दुहेरी केली.

त्याच संध्याकाळी लाळेरं सोडताना बाळाच्या गळ्याच्या वळीत तिच्या अंगठ्याला काहीतरी खरखरीत लागलं. पावाच्या कडेचा तुकडा.

आत्या शेजारीच इस्त्री करत होती. आईनं तो तुकडा तळहातावर धरून तिला दाखवला. आत्या म्हणाली, मला काय ठाऊक, पडला असेल कुठून तरी. फार पटकन म्हणाली. इस्त्री एकाच जागी जरा जास्त वेळ राहिली.

पाणी कुठेतरी मुरत होतं. मी पाहिलं असतं तर सांगितलं असतं, पण खुंटीवर माझं तोंड भिंतीकडे असतं. मला फक्त ऐकू येतं. आणि त्या दुपारी मला कोणीतरी मचमच आवाज करत खाताना ऐकू आलं होतं. आत्याचा आवाज तो नव्हता. आत्या खाते तेव्हा बोलते.

जेवताना बाबांनी खालच्या आवाजात सांगितलं, बस डेपोजवळच्या पाळणाघरात एक जागा आहे, सोमवारपासून मिळेल.

"आणि ताई?" आईनं विचारलं.

"ताईचं बघू."

अरुंद खोलीचं दार पुरतं लागत नाही. आतून इतका वेळ येत असलेला घड्या घालण्याचा आवाज थांबला.

*चोथा: मला आनंद झाला. चोर सापडला की पहारेकऱ्याला होतो तसा.*

इथून पुढचं मी गाळलेलं नाही.

रविवार होता आणि आईनं ठरवलं होतं की आज आपण स्वतः भरवायचं, सगळ्यांसमोर, म्हणजे दोष कोणाचा ते एकदाचं ठरेल, म्हणून तिनं गाजर, बटाटा आणि भोपळा इतका मऊ उकडला की चमच्यानं तुटावा, मिक्सर वापरला नाही, मलमलही नाही, कारण त्यांच्यावरही तिचा विश्वास उरला नव्हता, हातानंच माझ्या जाळीवर घासला, पुन्हा घासला, आणि फौजदार उंच खुर्चीत बसून हे सगळं बघत होते, बाबा पेपर नुसताच उलटा-सुलटा करत होते, वाचत नव्हते, आत्या दारात उभी होती पण आत येत नव्हती, आणि आईनं चमचा पुढे केला, फौजदारांनी तोंड मिटलं, तिनं पुन्हा केला, त्यांनी मान फिरवली, तिसऱ्यांदा चमचा उडाला, आणि आई फडकं आणायला मोरीकडे वळली, हातातली मी मात्र तिनं नकळत खुर्चीला पुढे जोडलेल्या पाटावरच ठेवली, न धुतलेली, आतला चोथा तसाच, गाजराचे चुरे, बटाट्याचे ओबडधोबड गोळे, जे मी अडवले होते, जे मी नेहमीच अडवते, आणि फौजदारांनी माझा दांडा धरला, मला ओढलं, पोटात हात घातला, मूठभर काढलं आणि तोंडात कोंबलं.

आई धावली. बोट वाकडं करून त्याच्या तोंडातलं काढणार, तोच आत्या म्हणाली, "थांब. जरा थांब. चावतोय तो."

"चावायला दात कुठे आहेत त्याला?"

"ते त्याला सांग."

फौजदारांचा जबडा हलत होता. ते एकदा खोकले. घरातली तिन्ही मोठी माणसं खुर्चीभोवती उभी राहिली. मग त्यांनी गिळलं, समोरच्या तिघांकडे एकेक करून रोखून पाहिलं, आणि पुन्हा माझ्या पोटात हात घातला.

आईनं माझ्यातला एक गोळा उचलला आणि अंगठा-बोटात दाबला. तो सहज चपटा झाला. दुसरा दाबला. तोही झाला. ती खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली, आणि बाळ खात असताना एकेक गोळा दाबून बघत राहिली.

"म्हणजे इतके दिवस," बाबा म्हणाले, "आपण त्याचं जेवण कचऱ्यात टाकत होतो, आणि कचरा त्याला भरवत होतो."

त्यावर कोणी हसलं नाही. बाबांनी पेपर खाली ठेवला.

जरा वेळानं आईनं विचारलं, "ताई, तो पाव तुम्ही दिला होतात?"

आत्या आत आली. "दिला नाही. त्यानं माझ्या ताटलीतून उचलला. मी काढून घेणार होते. पण कितीतरी दिवसांनी तो मन लावून काहीतरी खात होता. नाही काढवला."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? तू विचारलं असतंस, गाळून दिलात का?"

आईनं हातातला चपटा गोळा पाटावर ठेवला. मग म्हणाली, "विचारलं असतं."

ती उठली, हात धुतले आणि पाळणाघराला फोन लावला. जागा नको म्हणून सांगितलं. पलीकडून कारण विचारलं असावं. मग म्हणाली, "नाही, अडचण काही नाही. घरी माणूस आहे."

आत्या तेव्हा फडक्यानं भिंत पुसत होती. भिंत केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ती पुसत राहिली.

मित्रांनो, ठीक आहे, आता मित्र म्हणायला हरकत नाही. बाळाच्या खाण्यासाठी मला आता कोणी बोलवत नाही. गाजराच्या मऊ उकडलेल्या फोडी तशाच पाटावर ठेवतात, आत्या समोर बसून तिचं जेवते, आणि फौजदार दोन्ही हातांनी, कपाळानं, कधी कधी तोंडानंही खातात. वजन हललं, असं ऐकते. मी चहापुरती उरले आहे. कधी कधी तेवढीही लागत नाही, आणि माझ्या जाळीवर धूळ बसते. वाईट वाटतं. खोटं कशाला सांगू.

एक सांगणं आहे. तुमच्या घरातली गाळणी वापरून झाली की लगेच धुवा, आणि मागच्या बाजूनं घासा, कारण अडकतं ते तिथे. वाळवून मगच टांगा, आणि शक्य असेल तर तोंड खोलीकडे करून, म्हणजे ऐकीव गोष्टींवरून तिला कोणाला चोर ठरवायला लागणार नाही. आणि घरात एखाद्यानं तोंड मिटून घेतलं, मग तो केवढाही असो, तर लगेच झडती घेऊ नका. तुम्ही जे बाजूला काढून फेकायला निघाला आहात, ते आधी त्याच्यासमोर ठेवा, आणि हात मागे घेऊन थोडा वेळ थांबा.