पहिल्या घाण्याचे बदाम

केकताई हे नाव तिला बंदरावर माल सोडवून देणाऱ्या एजंटकाकांनी दिलं. एकाच स्पंज केकचं लेबल घेऊन जी बाई पंधरा महिने सरकारी कचेरीचे उंबरे झिजवते, तिला दुसरं म्हणायचं तरी काय? धाकट्या भावाच्या बेकरीतला पाकीटबंद केक या परक्या देशात आणून विकायचा, एवढंच तिचं म्हणणं. पण इथलं अन्नखातं असं, की माशीलासुद्धा कागद दाखवल्याशिवाय आत सोडणार नाही.

त्या खात्यात एक अधिकारी बाई होत्या. हातात कायम भिंग, म्हणून केकताईनं त्यांचं नाव ठेवलं भिंगबाई. भिंगबाईंनी लेबल नऊ वेळा परत पाठवलं. एकदा अक्षरं अर्ध्या मिलिमीटरनं लहान, एकदा 'अंडी' हा शब्द ठळक नाही, एकदा तारखेत महिना आधी. दर वेळी केकताई घरी येऊन त्यांच्या नावानं दहाही बोटं कडाकडा मोडायची.

आणि एका दुपारी शिक्का बसला! नमुने तपासून झाले, माल पास. उद्या सकाळी दहाला कंटेनरवरचं खात्याचं सील तोडायचं आणि पाकिटं थेट दुकानात. केकताईनं कचेरीच्या जिन्यातूनच भावाला फोन लावला.

"पास झाला रे, पास!"

"होणारच!" भाऊ तिकडून ओरडला. "बदाम घातलेत ताई, मूठ मूठ, बारीक वाटून. नव्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या घाण्यात बदाम, ही बाबांची रीत. तुझ्याच वेळी मोडीन होय?"

केकताई जिन्यातच थबकली. अर्जासोबतच्या कागदावर ठळक ओळ होती, 'या बेकरीत बदाम वापरले जात नाहीत'. खाली भावाची झोकदार सही. त्या कागदामुळेच तर बदामाची तपासणी झाली नव्हती.

"अरे, मग सही कशी केलीस?"

"वापरत नाहीच की आपण! तो शकुन, ताई. शकुनाला कुणी वापर म्हणतं का?"

शकुन म्हणे, कपाळ! पोरानं जीव ओतून घोळ घातला होता. रागवावं तर कुणावर, त्याच्यावर की त्याच्या मायेवर?

जिन्याखाली एजंटकाका उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि आवाज खाली आणला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, केकताई. शिक्का बसलाय, गप घरी जा. वर जाऊन सांगाल तर माल जाळून खाक, परवाना कचऱ्यात आणि भावाच्या बेकरीला कायमचं कुलूप."

ती पायरीवरच बसली. भावानं या मालासाठी नवी भट्टी बांधली होती. पाकिटं भरणाऱ्या अकरा बायांचे हसरे फोटो तिच्या फोनमध्ये होते. पण भिंगबाईंनीच एकदा तिला समोर बसवून सांगितलं होतं, की बदामाच्या कणानं काही लेकरांचा घसा मिटतो आणि श्वास अडकतो. ते काही केल्या डोक्यातून जाईना. ती उठली ती खाली नाही, वर गेली.

भिंगबाई पर्स घेऊन निघायच्या बेतात होत्या. केकताईनं सगळं सांगून टाकलं, अगदी शकुनासकट.

"सील तुटलंय?" भिंगबाईंनी विचारलं.

"नाही. उद्या दहाला."

भिंगबाईंनी पर्स ठेवली आणि कपाटातलं जाडजूड पुस्तक काढलं. पानांवरून भिंग फिरलं. केकताईला वाटलं, आता शिक्षा वाचून दाखवतात.

"सील तुटण्याआधी आयातदारानं स्वतःहून कळवलं, तर माल नष्ट करायचा नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येक पाकिटावर दुरुस्तीची चिठ्ठी लावायची, माझ्यासमोर. बेकरीची पुन्हा तपासणी होईल." मग पुस्तक मिटत म्हणाल्या, "बारा वर्षांत हे कलम पहिल्यांदाच वापरतेय."

केकताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ज्या बाईच्या नावानं बोटं मोडली, तिच्यासमोर तिचे हात आपोआप जोडले गेले.

चार हजार आठशे पाकिटं आणि गारठलेलं गोदाम. चार दिवस चिठ्ठ्या लावणं चाललं. एजंटकाका 'सांगत होतो गप बसा' असं पुटपुटत आले आणि बाह्या सरसावून सगळ्यात जास्त खोकी त्यांनीच उरकली. भिंगबाई भिंग घेऊन मागे उभ्या. चिठ्ठी वाकडी दिसली की, "काढा, परत लावा." शेवटी केकताईनं केकचा तुकडा पुढे केला, तर म्हणाल्या, "नियमात बसत नाही." पण हसल्या मात्र.

विक्रीच्या पहिल्या दिवशी केकताई दुकानात जाऊन उगाच डाळींच्या पाकिटांशी घुटमळत राहिली. एक माणूस लहान मुलीला घेऊन आला. मुलीनं झडप घालून केकचं पाकीट उचललं. बापानं ते उलटं केलं, चिठ्ठी वाचली आणि गुडघ्यावर बसून तिला म्हणाला, "यात बदाम आहेत गं सोन्या. आपल्याला नाही चालत." पाकीट परत फळीवर गेलं. मुलगी हिरमुसली आणि बापाचं बोट धरून, उड्या मारत निघूनही गेली.

केकताईनं ते पाकीट फळीवर सरळ करून ठेवलं. देवा, भिंगबाई, एजंटकाका, ते जाडजूड पुस्तक, कुणाकुणाचे आभार मानू असं तिला झालं. बाहेर येऊन तिनं भावाला फोन लावला.

"आज एक पाकीट विकलं गेलं नाही," ती म्हणाली आणि का ते सांगितलं.

भाऊ म्हणाला, "ताई, भट्टी, ट्रे, भांडी, सगळं घासून काढतो. बदाम आता दाराच्या आत येणार नाहीत. पुढच्या मालातलं पहिलं पाकीट त्या पोरीचं. तेवढाच शकुन."