वरीलप्रमाणे

ज्ञानदेवच्या जुन्या शाळेचं पत्र तिसऱ्यांदा तेच सांगत होतं आणि त्याचं डोकं फिरलं होतं. ‘दाखल्यावरील धर्माच्या नोंदीत बदल करता येत नाही.’

"छप्पन साली आमी बौद्ध झालो. आता चौऱ्याहत्तर उजाडलं, आन् ह्यांच्या कागदावर आमी अजून हिंदूच! माझा धर्म मी सांगायचा का शाळेच्या कारकुनानं?"

पिंपरीतल्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात ज्ञानदेव हजेरीची, भरतीची रजिस्टरं लिहायचा. तिथल्या हेडक्लार्क आबाजींचे कान हे ऐकून ऐकून किटले होते. "चहा घे, निवतोय," ते म्हणाले.

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारा लाकडी क्रूस. तो सुखराम तिर्कीचा थोरला भाऊ, रांचीहून आलेला. सुखरामला फौंड्रीत लागून जेमतेम दोन महिने झाले होते आणि गेल्या आठवड्यात तो काविळीनं गेला. कंपनीनं तार केली, पण उन्हाळ्याचे दिवस, प्रेत किती ठेवणार?

"साहब, उसकी कबर कहाँ है?"

ज्ञानदेवनं कप खाली ठेवला. "नदी किनारे... जलाया," तो कसाबसा म्हणाला. खांदा त्यानं स्वतः दिला होता. स्मशानात जाळायचं की पुरायचं म्हणून माणसं घुटमळली तेव्हा त्यानंच ठासून सांगितलं होतं, "रजिस्टरात हिंदू हाय. द्या अग्नी."

"हम लोग ईसाई हैं. मिट्टी देते हैं, साहब." त्यानं पिशवीतल्या क्रूसावर हात ठेवला. "ये माँ ने भेजा है." भाऊ ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसताच विचारत राहिला, "उससे किसी ने पूछा नहीं?"

ज्ञानदेवनं रजिस्टर उघडलं. भरतीच्या दिवशी चाळीस माणसं रांगेत होती. पहिल्या नावापुढं धर्म ‘हिंदू’, भाषा ‘मराठी’ आणि त्याखाली पानभर ‘वरीलप्रमाणे’च्या दोन-दोन रेघा. अक्षर त्याचंच. विचारलं कुणालाच नव्हतं. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"भाषा कौनसी बोलता था?"

"घर में कुड़ुख."

ज्ञानदेवनं सुखरामच्या नावापुढच्या रेघा खोडल्या.

"अरे, कायमचं रजिस्टर ते!" आबाजी उठलेच. "खाडाखोड चालत नाही. आणि मेलेल्या माणसाच्या धर्मानं आता काय फरक पडतो?"

"तुमी माझ्या शाळंत जाऊन बसा, आबाजी. लई शोभून दिसाल." ज्ञानदेवनं ‘ख्रिस्ती’ लिहिलं, ‘कुडुख’ लिहिलं, शेजारी पूर्ण सही ठोकली आणि रजिस्टर भावाकडं फिरवलं. त्यानं अक्षरांवर बोट ठेवून सावकाश वाचलं, मान हलवली.

मग दोघं पवनेकाठी गेले. राख फौंड्रीतल्या लोकांनी तिसऱ्याच दिवशी नदीत सोडली होती. चौथऱ्यावर दुसऱ्याच कुणाची तरी चिता रचायचं काम चाललं होतं.

भावानं पिशवीतून क्रूस काढला, इकडं तिकडं पाहिलं.

"कहाँ गाड़ूँ, साहब?"