योर्दांकाचा पन्नासावा शिक्का

बाबा लोम या आमच्या गावाहून पहाटेच्या गाडीनं निघाले आणि सकाळी राजधानीत, सोफियाच्या स्टेशनवर उतरले. खांद्याला निळी कापडी पिशवी, तिच्यात पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या, उकडलेली अंडी आणि दोन वह्या. मी त्यांना घ्यायला गेले होते. आई असताना अशी कधी गेले नव्हते.

"ट्रामनं जाऊ," मी म्हणाले.

"ट्राम कशाला? पाय काय लोमला ठेवून आलोय?"

आमच्या देशात कितीतरी घरांत अशी वही सापडेल. पाहण्यासारखी शंभर ठिकाणं तिच्यात छापलेली असतात: किल्ले, मठ, गुहा, संग्रहालयं. तिथं जायचं, खिडकीशी वही द्यायची, शिक्का मारून घ्यायचा. पन्नास शिक्के झाले की चंदेरी बिल्ला मिळतो. निवृत्त झाल्यावर आई-बाबांनी एकेक वही घेतली. गाडी पहाटेची, तिकीट पेन्शनरांचं, जेवण घरचं, आणि संग्रहालय फुकट असेल तो दिवस. दोघांचेही एकोणपन्नास शिक्के झाले होते. पन्नासावा सोफियातल्या विद्यापीठामागच्या छोट्या संग्रहालयात घ्यायचा असं आईनं ठरवलं होतं. महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी तिथं तिकीट नसतं. गेल्या ऑक्टोबरात दोघं आले, तर रंगकाम चाललं होतं आणि दाराला कुलूप होतं. जानेवारीत आई गेली.

आदल्याच शनिवारी सहा महिने झाले होते. बाबांनी दारावर तिच्या निधनाची खबर देणारा फोटोचा नवा कागद चिकटवला, जुना सोलून काढला. कबरीपाशी साखर घातलेले उकडलेले गहू वाटले, बिस्किटांच्या पुड्या वाटल्या. मेलेल्या माणसाच्या नावानं दिलेलं घेताना आमच्यात आभार मानत नाहीत. 'देव तिला क्षमा करो' एवढंच म्हणतात. पेना आत्यानं माझ्या हातात पुडी ठेवली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आभारी आहे, आत्या."

"आभारी?" आत्या सगळ्यांदेखत म्हणाली. "हॉटेलात आलीस का गं? सोफियानं एवढंही पुसून टाकलं?"

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "सोमवारी येतो तुझ्याकडे. तिचा शिक्का राहिलाय."

आम्ही चालत निघालो. जुन्या सार्वजनिक स्नानगृहाशेजारी गरम झऱ्याचे नळ आहेत. डबे, कॅन घेऊन लोक रांगेत उभे होते. बाबांनी दोन्ही बाटल्या भरल्या. एका बाटलीला आईची तांबडी लोकर गुंडाळलेली होती, हाताला चटका बसू नये म्हणून. ती त्यांनी स्वतःच उचलली. मला दिली नाही.

संग्रहालयासमोरच्या बागेत पोचल्यावर ते सरळ एका बाकाकडे गेले.

"हा आमचा बाक."

"तुमचा?"

"सावली दुपारपर्यंत टिकते. नळ जवळ आहे. आणि समोरच्या म्हाताऱ्यांचा पटावरचा डाव फुकट बघायला मिळतो. तुझी आई इथून त्यांना ओरडून सांगायची, घोडा हलव, घोडा."

त्यांनी अंडी सोलायला घेतली. डब्यात चार होती. मी आईची वही उघडली. प्रत्येक शिक्क्याच्या बाजूला तिनं पेन्सिलीनं तारीख लिहिली होती आणि पुढे दोन-चार शब्द. 'पाऊस. मठातला भिक्षू खवट.' 'गेर्गिननं टोपी हरवली.' गेर्गिन म्हणजे बाबा. मग सोफियाची पानं आली. अकरा शिक्के, अकरा वेगवेगळ्या तारखा. त्यांतल्या चार मला माहीत होत्या, त्या वेळी ते माझ्याकडे कॉफी प्यायला आले होते. उरलेल्या सातांपुढे हवेची नोंद होती आणि मग सातही वेळा तेच: 'रालित्सा कामात.' रालित्सा म्हणजे मी.

माझं घर त्या बाकापासून दहा मिनिटांवर आहे.

"बाबा, तुम्ही इथं येऊन परत जायचात?"

"नाहीतर काय, राहायला यायचो?"

"मला फोन का नाही केलात?"

बाबांनी अंड्यावर मीठ टाकलं. "ती म्हणायची, पोरगी कामात असेल. मी म्हणायचो, अगं, विचार तर खरी. ती म्हणायची, तूच विचार. मग आम्ही अंडी खायचो."

मी कामात असायचे हे खरंच होतं. त्यांनी फोन केला असता तर मी अर्धा तास काढून आले असते आणि त्या अर्ध्या तासात दोनदा घड्याळ पाहिलं असतं. आईनं ते पाहिलंच नाही असं दाखवलं असतं. ती तेवढंही टाळत होती.

बाबांनी दोन अंडी खाल्ली. उरलेल्या दोनांना हात लावला नाही, मलाही विचारलं नाही. पिशवी बाकावरच ठेवली. "पाणी कोण चोरतंय?" म्हणाले आणि वह्या घेऊन पायऱ्या चढू लागले. एक आपली, एक तिची.

आत टेबलाशी माझ्याहून थोडी मोठी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई बसली होती. तिनं बाबांच्या वहीवर शिक्का मारला. दुसरी वही उघडली, पहिल्या पानावरचं नाव वाचलं.

"ही योर्दांकाबाईंची. त्या कुठायत?"

"बाहेर बाकावर बसलीय," बाबा म्हणाले. "गुडघे."

"काका, ज्याची वही तो समोर हवा. परवा एकजण अख्ख्या बिल्डिंगच्या वह्या घेऊन आला होता. म्हणतो, सगळे खाली गाडीत आहेत. एवढी माणसं काय डिकीत भरली होती?"

बाबा हसले. खरंखुरं हसले, आणि वही टेबलावर आणखी पुढे सरकवली. "ताई, अहो, पन्नासावा आहे तिचा."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "आई बाहेर आहेत ना तुमच्या?"

बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. ते शिक्क्याकडे पाहत होते. सहा महिने मी लोकांना फोनवर, पत्रांत, बँकेत, पेन्शनच्या कचेरीत एकच वाक्य सांगत आले होते. इथं ते सांगितलं असतं तर वही मिटून परत आली असती.

"हो," मी म्हणाले.

"मग एवढंच ना," बाई उठली. "मीच येते. त्यांना कशाला चढायला लावता? सकाळपासून चार माणसं आलीत, माझेही पाय मोकळे होतील." तिनं शिक्का आणि शाईची डबी उचलली.

पायऱ्या उतरताना ती उन्हाळ्याबद्दल काहीतरी बोलत होती. बाबा कठडा धरून तिच्यामागे उतरत होते, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून.

बाकावर निळी पिशवी होती. तांबडी लोकर गुंडाळलेली बाटली तिच्यातून वर डोकावत होती.

बाई थांबली. तिनं आजूबाजूच्या बाकांकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी टोपी काढली. पिशवीत हात घालून रुमालात बांधलेली एक पुडी काढली आणि तिच्यापुढे धरली. शनिवारची शेवटची पुडी होती ती.

"योर्दांकासाठी," ते म्हणाले. "सहा महिने झाले."

मला वाटलं, आता ती रागावेल. तिनं शिक्का बाकावर ठेवला, दोन्ही हातांनी पुडी घेतली.

"देव तिला क्षमा करो," ती म्हणाली.

मग ती पिशवीशेजारी बसली. वही मांडीवर उघडली, जागा शोधली, शिक्क्यावर फुंकर घातली आणि दाबला. बराच वेळ दाबून धरला. उठताना म्हणाली, "वरच्या मजल्यावर वारा छान येतो. बघून जा, काका." आणि पुडी घेऊन पायऱ्या चढून गेली.

बाबांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून मला दिला. "तारीख घाल. माझं अक्षर नको त्यात."

मी तारीख घातली. पुढे 'ऊन' असं लिहिलं.

"आणि?"

"आणि काय?"

"तुझं नाव लिहायची ती."

मी 'रालित्सा' लिहिलं. पुढचा शब्द लिहिला नाही. बाबांनी वही डोळ्यांपाशी नेऊन पाहिली, मिटली.

वरचा मजला आम्ही पाहिला. बाबांनी प्रत्येक कपाटापुढे थांबून पाटी वाचली, हळू आवाजात, शेजारी कुणाला तरी वाचून दाखवावी तशी. मी दोन पावलं मागे राहिले.

"आज राहा माझ्याकडे," स्टेशनवर मी म्हणाले.

"परतीचं तिकीट काढलंय."

"उद्याचं काढू दुसरं."

"तुझं काम असेल उद्या," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांनी खिडकीतून एकदा हात केला आणि गाडी सुटायच्या आतच वह्या काढून मांडीवर घेतल्या.

घरी आल्यावर माझ्या पर्समध्ये एक डबा सापडला. त्यांनी तो कधी ठेवला कळलं नाही. आत दोन अंडी होती आणि कागदाच्या पुडीत मीठ. स्वयंपाकघरात अजून ऊन होतं. मी दिवसभर काही खाल्लं नव्हतं. ओट्याशी उभी राहून एक अंडं सोललं, मग दुसरं.

"देव तिला क्षमा करो," मी म्हणाले. चूक दाखवायला कुणी नव्हतं. तरी पुन्हा एकदा म्हणाले, नीट, आत्यासारखं, आणि अंड्याला मीठ लावलं.