करवंदातलं सी व्हिटॅमिन

मंगळवार पेठेत राहून एमएस्सी करायची म्हंजे डोक्याला ताप हाय, सांगतो. कुणीबी विचारतंय, "सौंदर्या, शिकतीस काय?" रानमेव्यातले पोषणघटक म्हटलं, की पुढचा म्हणणार, "म्हंजे करवंदं खायची डिग्री व्हय?"

तोरणं झाली, आळू झाले, भोकरं झाली. त्यातलं लोह, कॅल्शियम, तंतू सगळं काढून झालं. राहिलं होतं ते करवंदातलं सी व्हिटॅमिन. त्याला फळ अख्खं लागतं. फोडलं, हवा लागली, की ते कमी व्हायला लागतं. पहिल्या खेपेचे आकडे जुळले न्हाईत, म्हणून मॅडम म्हणाल्या, परत आण, न्हायतर पुढच्या उन्हाळ्यात बघू. जॅमच्या कारखान्यात ठरलेली नोकरी तोवर काय माझी वाट बघत बसणार हाय?

म्हणून सकाळीच राधानगरीकडं गेलतो. मिरग तोंडावर आलाय. पाऊस पडला की करवंदात अळ्या होतात, मग या वर्षीचं संपलंच. काट्यांनी हात सोलून घेऊन पिशवीभर करवंदं आणली, घरात ठेवली आणि लॅब उद्यापासनं सुट्टीला बंद, म्हणून आजचीच वेळ घ्यायला विद्यापीठात पळालो. तिथनं घरी वडलांना, आप्पांना, फोन केला. "आप्पा, पिशवीतली करवंदं जरा निवडून ठेवा."

निवडून म्हंजे नासकी, चिरडलेली बाजूला. यात न समजण्यासारखं काय हाय?

घरी येऊन बघतो तर सोप्यात दोन ताटं. एकापाशी आप्पा, दुसऱ्यापाशी शेजारचे गैबीचाचा. दारात गाडी लावण्यावरनं दोघांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं, आणि आज मांडीला मांडी लावून बसलेले. आप्पांनी करवंद उचललं.

"कोंबडा का कोंबडी?"

"कोंबडी," चाचा म्हणाले.

आप्पांनी नखानं फोडलं. आत लालभडक. "कोंबडा. हरलास, गैब्या." ते करवंद त्यांच्या ताटात गेलं.

"आप्पा, हे काय चाललंय?"

"निवडतोय की. लाल ते कोंबडे इकडं, पांढऱ्या कोंबड्या तिकडं. एकट्याला उरकंना, म्हणून ह्याला हाक मारली."

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोललो. वर्ष गेलं, नोकरी गेली, अक्कल गहाण टाकलीय काय दोघांनी, सगळं.

आप्पांनी लगेच चाचांकडं बोट केलं. "मी दोन-चारच फोडणार होतो. ह्यानंच नाद लावला."

"मी? तू बोलावलंस म्हणून आलो, रुद्रय्या. तुझ्या दारात पाय ठेवला हेच चुकलं." चाचा उठले आणि चपला घालायला लागले.

आप्पा भिंतीकडं बघत बसले. तोंड एवढंसं झालं होतं. दोन वर्षं चाचांच्या गाडीचा आवाज आला की हा माणूस दाराकडं बघायचा, मला काय दिसत नव्हतं व्हय?

पिशवीच्या तळाशी एकच अख्खं करवंद उरलं होतं. एका करवंदावर टेस्ट होत न्हाय. रडू येत होतं, आणि राग तर असा की ते करवंद दोघांच्या अंगावर फेकावं. मी ते उचललं आणि ताटांपाशी खाली बसलो.

"चाचा, कोंबडा का कोंबडी?"

चाचा उंबऱ्यावर थांबले. आप्पांकडं बघितलं. "कोंबडी," म्हणाले, आणि चपला काढून आत आले.

मी करवंदाला नख लावलं. गेलं माझं वर्ष.