तिसरी कासिल्दा

फर्मिन माशाच्या कालवणावर तुटून पडला, तेव्हा दोमितिलाने खुंटीला टांगायच्या निमित्ताने त्याची टोपी उचलली आणि खिडकीपाशी नेली. भावावर पाळत ठेवायची तिची ही काही पहिली वेळ नव्हती. आईबापाविना पोर वाढवायचं म्हणजे नाक खुपसावंच लागतं, असं ती कुणालाही ठणकावून सांगायची.

ताल्काउआनो बंदरातल्या गोदीमागच्या शिवणखोलीत अकरा वर्षं ती खलाशांच्या टोप्यांना फिती लावत होती. काळी रेशमी फीत, तिच्यावर सोनेरी अक्षरांत जहाजाचं नाव. फर्मिनच्या फितीवर 'रापेल' होतं. रापेल म्हणजे बंदरातल्या जहाजांना पाणी पोचवणारी बोट. ती बंदराबाहेर कधी जायची नाही, म्हणून तर दोमितिलाचा जीव थाऱ्यावर होता.

पण फितीखाली, एकाच जागी, सुईची सात-आठ भोकं होती. एकदा लावलेली फीत वर्ष-दीड वर्ष कुणी काढत नाही. ही कुणीतरी पुन्हापुन्हा उसवत होतं आणि घाईघाईत टाचत होतं. टाके तर असे गचाळ, की बघवेना.

"काय गं ताई, टोपीत उवा शोधतेस?" तोंडात पाव कोंबत फर्मिन म्हणाला.

"रापेलचा आचारी बदलला म्हणे?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हो ना. नवा बरा रांधतो."

रापेलवर आचारी नव्हताच. तिथली माणसं धक्क्यावर येऊन जेवायची. बाईची भानगड असेल, तिने मनाची समजूत घातली, कुणीतरी भवानी भेटली असेल, नाहीतर पत्ते. काहीही असो, फक्त ते एक नसो.

तिने टोपीचं अस्तर चाचपलं. आत कडक घडी लागली. नखाने टाका तोडून तिने दुसरी फीत बाहेर ओढली. 'कासिल्दा'.

पहिली कासिल्दा शिडांची होती, दक्षिणेच्या खाड्यांत खडकावर फुटली. सरकारने तेच नाव दुसऱ्या जहाजाला दिलं. ते वादळात बुडालं, चौतीस माणसांसकट. त्यांत या दोघा बहीणभावांचे वडील, इसिद्रो. फर्मिन तेव्हा आईच्या पोटात होता. तरी त्या शहाण्यांची हौस फिटेना, तिसऱ्यालाही तेच नाव! या नावाच्या जहाजावर पाय ठेवणार नाहीस, असं वचन आईने मरताना फर्मिनकडून घेतलं होतं.

"किती दिवस चाललंय हे?"

फर्मिनने फीत बघितली आणि ताटली बाजूला सारली. "मार्चपासून."

"कुणी पाठवलं? माझी मालकीण बदल्यांच्या साहेबाची सख्खी बहीण आहे. उद्या तुला रापेलवर बसवते."

"कुणी नाही पाठवलं. मीच अर्ज केला."

तिने टोपी त्याच्या अंगावर फेकली. "आईला फसवलंस, मेल्या! मलाही!"

"ऐकून तर घे. दर शुक्रवारी डेकवर त्या चौतीस जणांची नावं पुकारतात. एकेका नावाला आत्ताचा एकेक खलाशी 'हजर' म्हणतो. बाबांच्या नावाला कोण म्हणायचं ठाऊक आहे? भट्टीत कोळसा टाकणारा एक दातपडका. बाबा कोण, त्याला पत्ताही नाही. मी धक्क्यावरून ऐकलं गं. जन्मात कुणाला बाबा म्हटलं नाही मी. तेवढं एक 'हजर' तरी माझं असावं की नाही?"

दोमितिला त्याच्याशेजारी बसली. तिला भडभडून आलं. ताई विरघळली, असं फर्मिनला वाटलं.

"आणि तुझं नाव पुकारतील तेव्हा?" ती म्हणाली. "चौथ्या कासिल्दावर? तुला ना पोर ना बाळ. मला बाईला डेकवर कोण उभं करणार? तुझ्यासाठीही कुणीतरी दातपडकाच ना?"

फर्मिन खाली पडलेली टोपी उचलायला वाकला.

दोमितिलाने डोळे पुसले, शाल अंगावर घेतली आणि दार उघडलं.

"कुठे निघालीस?"

"मालकिणीकडे."

"ताई, नको. शुक्रवारी बाबांच्या नावाला कोण उभं राहील?"

"उभा राहील तो भट्टीवाला," ती म्हणाली. "बाबा गेले, त्यांच्या नावाला कुणी का ओ देईना. मला तू जिवंत हवास, मग जन्मभर माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल."

आणि ती टेकडीच्या पायऱ्या भराभरा उतरू लागली.