खारवेळची रस्तापट्टी

खारवेळ गावचे दहा जण आखातात, अल ऐनमध्ये होते, आणि त्या दहा जणांचं मिळून एक मंडळ होतं. आपला माणूस परमुलखात गेला की आधी मंडळ काढतो आणि मग राहायला जागा शोधतो, त्यातलाच हा प्रकार. मंडळाचा नियम मात्र साधा होता. जो सुट्टीवर गावी जाईल त्याने निघण्याआधी पन्नास दिरहम रस्तापट्टी द्यायची, म्हणजे त्या वेळचे पावणेसहाशे रुपये. ज्याला रस्ता वापरायचाय त्याने रस्त्यासाठी मोजायचे. हिशोब नूरुद्दीनभाईंकडे असायचा.

नूरुद्दीनभाई सनैयात, म्हणजे गॅरेजं आणि वर्कशॉपांच्या वस्तीत, एका टेलरच्या दुकानामागे कंदुरे, म्हणजे अरबांचे पायघोळ झगे, शिवायचे. मंडळाची घटनाही त्यांनीच लिहिली, आणि ती रागाच्या भरात लिहिली. पहिल्या दोन वर्षांची पट्टी गावातल्या पोरांनी क्रिकेटच्या टुर्नामेंटवर आणि लाउडस्पीकरवर उडवली होती, आणि रस्त्यावर गुडघाभर चिखल तसाच होता. म्हणून भाईंनी लिहिलं, रस्त्याचा पैसा रस्त्यालाच. खडी, डांबर आणि मोऱ्या सोडून दमडीही कुठे जाणार नाही. वर आणखी एक कलम घातलं, की हे बदलायचं असेल तर सगळेच्या सगळे सभासद खारवेळमध्ये, खाडीकाठच्या वडाखाली हजर पाहिजेत. इथे एसीची हवा खात गावाचं ठरवायचं नाही, डोळ्यांनी बघून ठरवायचं. तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या केरूने.

गल्फमधल्या दहा माणसांना एका वेळी सुट्टी मिळत नसते, हे त्या टाळ्यांच्या आवाजात कुणाला सुचलं नाही. दोन वर्षांतून एकदा सुट्टी, आणि तीही कंपनीच्या मर्जीने. एवढी साधी गोष्ट, पण उत्साहात शहाणी माणसंही अशीच वागतात.

नियमाने काम मात्र केलं, हे कबूल करायला हवं. सत्त्याण्णव सालापर्यंत फाट्यापासून खाडीपर्यंत डांबर पडलं, दोन मोऱ्या झाल्या, एसटी आत यायला लागली. पुढे जिल्हा परिषदेने तो रस्ता आपल्याकडे घेतला आणि पट्टीचे पैसे बँकेत नुसते पडून राहायला लागले. लोक तरीही पट्टी देत राहिले, कारण घटनेत तसं लिहिलं होतं.

केरू शटरिंग कारपेंटर होता. त्याची मुलगी समिधा सातवी पास झाली आणि त्याचं घोडं अडलं. हायस्कूल खाडीच्या पलीकडे होतं, गावातून दिसायचं. जायचा मार्ग होडीचा, पण होडी कुजली होती आणि होडीवाला मुलाकडे मुंबईला निघून गेला होता. रस्त्याने वळसा घालून जावं तर एसटी शाळा सुटायच्या वेळी पोचायची. वर्ष असंच गेलं. समिधा घरी बसली, आणि तिच्या मामीने निरोप धाडला की पोरगी रिकामीच आहे तर मुंबईला पाठवा, माझं तान्हं सांभाळेल. केरूच्या बायकोने, नर्मदाने, फोनवर हे सगळं एका दमात सांगितलं, कारण गावच्या बूथवरचा मीटर पळत होता.

"मे संपायच्या आत काय ते करा," ती म्हणाली. "जूनला शाळेत नाय गेली तर मी तिला थांबवू शकायची नाय."

नवी वर्गणी काढावी तर निम्म्या जणांचा तीन महिन्यांचा पगार अडकला होता. पैसे होते ते फक्त रस्त्याचे. आणि त्या पैशांना कुलूप घालताना आपणच टाळ्या वाजवल्या, म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शुक्रवारी केरू भाईंकडे गेला. भाईंनी शिवण थांबवून सगळं ऐकून घेतलं. त्यांना पोरीची काळजी वाटली नाही असं नाही, पण होडी म्हणजे रस्ता नव्हे, यावर ते ठाम होते. आज पोरीसाठी होडी काढाल, म्हणाले, उद्या कुणाच्या तरी पोरासाठी पुन्हा लाउडस्पीकर निघेल, आणि परवा मोरी वाहून गेली की खिशात हात घालायला काही उरणार नाही. केरूने विचारलं, रस्ता कशासाठी केला, माणसांनी जायला ना? आणि रस्ता पाण्यापाशी संपत असेल तर पुढचं पाणी कुणाचं? 

"मग सगळ्यांना घेऊन गावात सभा लाव," भाई शेवटी म्हणाले. "तिथे नऊ जण हो म्हणाले तर मी आडवा येणार नाही. पण माझं मत नाहीच असेल."

केरू कामाला लागला. फोरमनला आर्जवं केली, एकाची सुट्टी पुढे ढकलायला लावली, दुसऱ्याची मागे. मंडळातल्याच रामेश्वरच्या सुपरवायझरला घरची कोळंबी खिलवली. कुणाच्या बहिणीचं लग्न नसताना निघालं, कुणाचा धडधाकट बाप आजारी पडला. मार्च संपेपर्यंत नऊ जणांच्या सुट्ट्या मे महिन्यात एकत्र आल्या, आणि असा चमत्कार अल ऐनच्या इतिहासात पुन्हा व्हायचा नाही असं मिथुन म्हणाला. मिथुन त्यांच्यातला सगळ्यांत तरुण, क्रेन चालवायचा.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. दहावे सभासद नूरुद्दीनभाई, आणि सुट्ट्या जुळवायच्या धांदलीत केरूने त्यांचा विचार पुढे ढकलला होता. भाई खल्लीवल्ली होते, म्हणजे तिकडच्या बोलीत बिनकागदाचे. त्यांचा जुना अरबाब, म्हणजे व्हिसा देणारा मालक, वारला, पोराने दुकानाचं लायसन बंद केलं, व्हिसा गेला आणि भाई मागच्या दाराने दुसऱ्या दुकानात शिवत राहिले. शहाण्णव साली सरकारने माफी दिली, तेव्हा बिनदंडाचं जाता आलं असतं. पण गेलं की परत येणं नाही, आणि बिलकीसचं, त्यांच्या मुलीचं, लग्न व्हायचं होतं. ते इथून पाठवलेल्या पैशांवर झालं, भाईंशिवाय झालं. सात वर्षांत त्यांनी गाव पाहिलं नव्हतं. डांबरी रस्ता तर पाहिलाच नव्हता.

तरी एप्रिलमध्ये पट्टी गोळा करायला ते मजुरांच्या कॅम्पवर आले, तेव्हा नऊ जणांच्या पैशांत त्यांनी आपलेही पन्नास घातले. ते दर वर्षी घालायचे. मिथुनने हसत विचारलं की भाई, तुम्ही कुठे निघालात?

"पट्टी द्यायची थांबलो," भाई म्हणाले, "तर जाणार नाही असं मीच ठरवल्यासारखं होईल."

भाई गेल्यावर मिथुनने वाट काढली. कलम बदलायला सगळे लागतात, पण सभासद कमी करायला बहुमत पुरतं आणि तेही कुठेही. भाईंचं नाव काढलं की सभासद नऊ, आणि नऊच्या नऊ गावात. "पेपरवर्क आहे केरूकाका, बाकी कुछ नहीं," तो म्हणाला. "भाई तर भाईच राहणार ना? यल्ला, उरकून टाका."

केरूला ते आवडलं नाही. ज्या माणसाने न पाहिलेल्या रस्त्याची पट्टी भरली त्याला बाहेर काढायचं, आणि तासाभरापूर्वी त्याचे पन्नास घेऊन काढायचं, ही लाज वाटण्याजोगीच गोष्ट होती आणि त्याला लाज वाटलीही. पण डोळ्यांपुढे समिधा होती, मामीच्या घरात, कडेवर परक्याचं पोर. ठराव त्यानेच मांडला. नऊ हात वर झाले. भाईंना जाऊन सांगायचं असं ठरलं, आणि जो तो दुसऱ्यावर ढकलत राहिला, तोवर निघायचा दिवस आला.

मे महिन्यात वडाखाली सभा झाली. 'रस्ता' या शब्दापुढे 'आणि होडी' एवढं लिहिलं गेलं, चहा झाला, आठवड्यात नवी होडी आणि पगारी होडीवाला ठरला. जूनमध्ये समिधा आठवीत बसली. पहिल्या दिवशी केरू काठावर उभा होता. होडी पलीकडे लागेपर्यंत तो हलला नाही, आणि नर्मदाने त्याला रडताना पाहिलं.

अल ऐनला परतल्यावर तो पहिल्याच शुक्रवारी भाईंकडे गेला. नाव काढल्याची बातमी त्याच्या विमानाआधी पोचली होती. बिलकीसने फोनवर सांगितलं होतं. भाईंनी मंडळाचा सगळा हिशोब बांधून तयार ठेवला होता. तो केरूच्या हाती दिला, चहा मागवला आणि होडी कशी आहे ते विचारलं. केरूने चांगली आहे म्हणून सांगितलं. पोर शाळेत जाते का? जाते, म्हणाला.

"मग झालं," भाई म्हणाले.

केरूला तेवढ्यावर उठता आलं असतं. पण तो उगाच सारवासारव करायला लागला, की नाव काढलं ते नुसतं कागदावर, मनातून कुणी काढलेलं नाही.

"केरू, या मुलखात मी कुठल्याच कागदावर नाही," भाई शांतपणे म्हणाले. "सरकारच्या नाही, दुकानाच्या नाही. उद्या इथे मेलो तर मी कोण हे पोलिसांनाही कळायचं नाही. तुमच्या त्या एका कागदावर मात्र होतो. खारवेळचा म्हणून."

पुन्हा घालू, भाई, केरू म्हणाला, पुढच्या मीटिंगलाच घालू, ठराव मी स्वतः मांडतो, बाकीच्यांनाही मी बघून घेतो.

"नवा सभासद कसा घ्यायचा, ते लिहिलेलं आहे ना?"

लिहिलेलं होतं. गावातल्या सभेत, वडाखाली, माणसाने स्वतः उभं राहून आपलं नाव सांगायचं. होडीच्या आनंदात त्या ओळीकडे नऊ जणांपैकी एकानेही पाहिलं नव्हतं.

"लिहिलंय, भाई," केरू म्हणाला.