ग्लुकोजचा मोठा डबा

मी पालिकेचा चावीवाला. घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्त्यांना पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडतो. पाणी कमी आलं की लोक मला शिव्या घालतात, मी परत घालतो. स्वस्थ बसणं माझ्या पत्रिकेत नाही. त्यामुळे माझी एकुलती पोरगी जान्हवी पोलीस भरतीसाठी सकाळी धावायला लागली, तेव्हा मीही ग्लुकोजची बाटली घेऊन मैदानाच्या कडेला येरझाऱ्या घालू लागलो.

"आधी पी. मग पळ."

ती प्यायची, पळायची आणि दोनशे मीटरवर पोटऱ्या धरून खाली बसायची. पाय दगडासारखे कडक व्हायचे. मी ओरडायचो, "नाटकं नकोत गं! तुझा आजोबा गिरणीत बारा-बारा तास उभा राहिलाय." दुसऱ्या दिवशी बाटलीत दोन चमचे जास्त.

एका सोमवारी मात्र तिने आठशे मीटर न थांबता पूर्ण केले. वेळ काही खास नव्हती, पण केले. मी जोरात शिट्टी मारली, भेटेल त्याला ग्लुकोजची कमाल सांगितली आणि येताना मोठा डबाच आणला.

मंगळवारी परत तेच. शुक्रवारी तिला लघवी झाली ती कोकमाच्या आगळासारखी काळपट लाल. माझी बायको सुलक्षणा घाबरून रडायलाच लागली. आम्ही हॉस्पिटल गाठलं. भरतीला पाच आठवडे होते, त्यातले तीन तपासण्यांतच गेले. मी तिथला कॉरिडॉर झिजवला, नर्सशी दोनदा भांडलो.

शेवटी डॉक्टर नेत्रा मॅडमनी आम्हाला समोर बसवलं.

"पेशीत साखर फोडायच्या वाटेवर एक एन्झाइम असतं, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज. ऊर्जा भरपूर असली की ते वाट आवळतं, कमी पडली की मोकळी करतं. हिच्या स्नायूंत ते जन्मापासून जवळजवळ नाहीच."

"म्हणजे व्हॉल्व्हच बंद?"

"तसंच समजा. मग स्नायू चरबीवर कसेबसे चालतात. पण पळायच्या आधी साखर दिली की शरीर चरबी सोडायचं थांबवतं. स्नायू दोन्हीकडून उपाशी."

"आणि भरती?" जान्हवीने विचारलं.

"नाही गं. ती लाल लघवी म्हणजे फुटलेले स्नायू; असं धावलीस तर किडनीवर बेतेल."

बंद व्हॉल्व्हच्या मागे कितीही पाणी चढवा, नळ कोरडाच राहतो. हे मला कुणी शिकवायला नको होतं. जन्मभर तेच काम केलं, आणि स्वतःच्या पोरीवर मात्र नुसता ओरडत राहिलो. माझीच मला लाज वाटली.

घरी आल्या आल्या मी तो डबा मोरीत उपडा करायला घेतला. जान्हवी दारात येऊन उभी राहिली.

"पप्पा, तो सोमवार आठवतो? त्या दिवशी मी ग्लुकोज झाडाखाली ओतलं होतं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शिट्टी मारलीत ना माझ्यासाठी. पहिल्यांदाच." ती पायांकडे बघत होती. "तुमचं ग्लुकोज खोटं पाडायचं नव्हतं, म्हणून मंगळवारपासून सगळं प्यायले."